फायटर माशाला बरणी पुरत नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आषाढात माझ्या नातवाच्या वर्गमित्राचा वाढदिवस झाला आणि त्या समारंभाहून परतलेल्या प्रत्येक मुलाच्या हातात ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणून एक जिवंत मासा होता. झाकणाला चार भोके पाडलेली प्लॅस्टिकची बरणी, तळाशी निळ्या रंगाचे खडे, जेमतेम पाऊण लिटर पाणी आणि त्यात पंख मिटून बसलेला लालभडक फायटर. बरणीच्या गळ्याला रेशमी फीत बांधलेली होती आणि फितीला खाद्याची पुडी व ‘दर दोन दिवसांनी सर्व पाणी बदलावे’ अशी चिठ्ठी अडकवलेली होती. आम्ही ती सूचना तंतोतंत पाळली. नवव्या दिवशी सकाळी मासा तळाशी आडवा पडलेला दिसला. नातू शाळेत जाण्यापूर्वी मी बरणी उचलून आत नेली खरी, पण त्याने ती पाहिलीच होती. आपल्या शहरात आता असे मासे सर्रास वाटले जातात, दुकानांतून पेल्याएवढ्या डब्यांत विकले जातात आणि टेबलावरची शोभेची वस्तू म्हणून कार्यालयांत ठेवले जातात, म्हणून या विषयावर सविस्तर लिहिण्याची परवानगी घेत आहे.

माझी सारी नोकरी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात गेली. तरीही नळाचे पाणी थेट त्या बरणीत ओतताना माझ्या मनात शंका आली नाही, याचे मला आजही वाईट वाटते. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ येते, त्यामुळे क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते; गावोगावी ग्रामपंचायतीचे कर्मचारी टीसीएल, म्हणजे क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर टाकतात तीही याच कारणासाठी. ग्राहकाच्या नळाशी दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते आणि माणसासाठी ते योग्यच आहे. मासा मात्र पाणी पीत नाही, तो ते कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांवरून अखंड फिरवत असतो, आणि एवढा क्लोरीनही त्या पडद्यांना भाजून काढतो. मासा गेल्यावर मी सवयीने घरात ठेवलेली ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासण्याच्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाची, बाटली काढली आणि त्याच नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकले. पेल्यातले पाणी पिवळे झाले. केंद्रात असताना हा पिवळा रंग दिसला की आम्ही ‘पाणी सुरक्षित’ अशी नोंद करून सही करत असू.

हे एक कारण झाले. दुसरे कारण क्लोरीनपेक्षाही व्यापक आहे. मासा श्वसनाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो; उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. पाऊण लिटर पाण्यात तो साठायला एक-दोन दिवस पुरतात. आपल्या दख्खनच्या पठारावरचे, विशेषतः बोअरचे पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी असते आणि पाणी जितके अल्कधर्मी व उबदार, तितका तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो. त्या माशाला एक दिवस अमोनिया आणि दुसऱ्या दिवशी क्लोरीन, असे आलटून पालटून आम्ही नऊ दिवस दिले.

आता या माशाविषयी थोडेसे. ‘फायटर’ नावाने विकला जाणारा हा मासा शास्त्रीय भाषेत ‘बेटा स्प्लेंडेन्स’ म्हणून ओळखला जातो. हे नाव ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये दिले. त्याचे मूळ घर थायलंड आणि आसपासचा प्रदेश. तिथे त्याला ‘प्ला कट’, म्हणजे चावरा मासा, असे म्हणतात आणि २०१९ मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. दलदली, संथ ओहोळ आणि भाताची शेते हा त्याचा अधिवास. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून निसर्गाने त्याला कल्ल्यांच्या वर घड्यांची रचना असलेले एक जादा श्वसनेंद्रिय दिले आहे, ज्याच्या आधारे तो पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेतो. आपल्याकडची मरळ चिखलपाण्यात जिवंत राहते तीही अशाच हवेच्या श्वासावर, हे मासळी ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. दुकानातले इतर अनेक मासे ज्या डब्यात गुदमरून मेले असते, त्या डब्यात फायटर चार-सहा आठवडे तग धरतो तो या इंद्रियामुळे. विक्रेत्यांनी यातून ‘याला पाणी लागतच नाही’ असा अर्थ काढला आणि आपण ग्राहकांनी तो डोळे मिटून मान्य केला. हवा घेता आली म्हणून अमोनियापासून सुटका होत नाही, थंडी वाजायची थांबत नाही आणि पोहायला जागाही मिळत नाही.

‘भाताच्या उथळ पाण्यातला मासा आहे, त्याला उथळ बरणी पुरते,’ असे एका दुकानदाराने मला समजावले. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडची भातखाचरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी एक साधा हिशेब करून पाहावा. एक एकर खाचरात केवळ १० सेंटीमीटर पाणी उभे असले, तरी ते सुमारे ४ लाख लिटर होते. त्यात भाताचे बुंधे असतात, पाणवनस्पती असतात, डासांच्या व इतर किड्यांच्या अळ्या असतात, लपायला सावली असते, आणि दुसरा नर समोर आला तर पळून जायला वाटही असते. उथळ असणे आणि थोडे असणे या दोन गोष्टी पाण्याच्या बाबतीत फार वेगळ्या आहेत.

घरात आपण ४ लाख लिटर देऊ शकत नाही. परंतु २५ ते ३० लिटर देऊ शकतो आणि अनुभवाने सांगते की तेवढे नीट दिले तर हा मासा सुखाने राहतो. आम्ही काचेच्या कारागिराकडून दीड फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टाकी करून घेतली. काच ५ मिलिमीटरची. तळाशी दोन इंच वाळू आणि वर दोन इंच मोकळी हवा सोडली की प्रत्यक्ष पाणी २८ लिटरच्या आसपास राहते. सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत टाकी तशीच ठेवावी, मग एक दिवस पाण्याने भरून गळते का ते पाहावे. भरलेल्या टाकीचे वजन ५० किलोच्या घरात जाते, त्यामुळे ती डगमगत्या तिवईवर ठेवू नये. खाली थर्माकोलचा पत्रा घातला की काचेला सर्वत्र सारखा आधार मिळतो. खिडकीतले थेट ऊन टाकीवर येऊ देऊ नये, कारण उन्हाने पंधरवड्यात हिरवे शेवाळ माजते. उंच आणि अरुंद काचपात्रे दिसायला सुरेख असली तरी या माशाच्या उपयोगाची नाहीत. त्याला दर थोड्या वेळाने श्वासासाठी वर यायचे असते आणि त्याच्या लांब शेपटाचे ओझे त्यालाच वाहायचे असते.

वाळू बांधकामाची चालते, मात्र ती चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. आपल्याकडच्या नदीच्या वाळूत अनेकदा चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेले असतात आणि ते पाण्याचा जडपणा हळूहळू वाढवत राहतात. मूठभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकून पाहिले आणि फेस आला, तर ती वाळू वापरू नये. आमची पहिली पाटी अशी परत करावी लागली. शंख-शिंपले आणि पोवळ्यांचे तुकडे याच कारणासाठी वर्ज्य समजावेत. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, मात्र निर्धोक आहे. धारदार कडा नसलेले दोन गोटे नीट रचले की माशाला आडोसा होतो.

वनस्पतींबद्दल जरा जास्त लिहिते, कारण सारी व्यवस्था त्यांच्यावर उभी आहे आणि लोक नेमके इथेच कंटाळून प्लॅस्टिकची झाडे आणतात. प्लॅस्टिकच्या कडा या माशाचे तलम पंख फाडतात, हे मी एका शेजाऱ्यांकडे प्रत्यक्ष पाहिले आहे. सुरुवात करणाऱ्याने चार-पाच सोशिक वनस्पती निवडाव्यात. अ‍ॅनुबियस ही मूळची आफ्रिकेतली, जाड व गडद पानांची, अळूच्या कुळातली वनस्पती आहे आणि आळूप्रमाणेच ती सावलीतही तग धरते. तिचे आडवे खोड वाळूत पुरायचे नसते, पुरले तर ते कुजते. दोऱ्याने दगडाला बांधून ठेवले की काही आठवड्यांत मुळे दगडाला धरतात. जावा फर्नचेही तसेच. क्रिप्टोकोरिन मात्र वाळूतच लावायची, तीही अळूचीच नातलग. तिच्या काही जाती आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांत निसर्गतः उगवतात, हे वाचकांना ऐकून आनंद वाटेल, परंतु तिथून उपटून आणण्याचा मोह कोणी धरू नये. दुकानात मिळणारी रोपे लागवडीची असतात. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरियाची लांब पाती किंवा हायड्रिला लावावी. पाण्यावर थोडी तरंगती वनस्पती सोडावी, तिच्या लोंबत्या मुळांखाली माशाला सावली मिळते, मात्र निम्म्याहून अधिक पृष्ठभाग तिने व्यापू देऊ नये, नाहीतर मासा श्वास घ्यायला कुठे येणार? या वनस्पतींना कार्बन डायऑक्साइडची नळकांडी, महागडी माती किंवा प्रखर दिवे यांतले काहीही लागत नाही. साधा एलईडी दिवा दिवसातून ६ ते ८ तास पुरतो.

लावल्यानंतर दहा-बारा दिवसांनी आमच्या क्रिप्टोकोरिनची पाने पारदर्शक होऊन अक्षरशः विरघळली. नातवाला वाटले झाड मेले, मलाही क्षणभर तसेच वाटले. ही वनस्पती पाणी बदलले की जुनी पाने टाकते आणि मुळे शाबूत असली तर नवी पाने काढते, म्हणून तिला उपटू नये. तिसऱ्या आठवड्यात वाळूतून तांबूस रंगाचे, सुईच्या टोकाएवढे कोंब वर आले. ते पाहायला नातू शाळेतून आल्या आल्या दप्तरासकट टाकीपाशी बसत असे. त्याच सुमारास काचेवर तपकिरी रंगाची साय धरते. तीही नव्या टाकीत येतेच आणि जुन्या सुती फडक्याने पुसली जाते.

आता सर्वांत कठीण भाग, तो म्हणजे वाट पाहणे. टाकी भरल्यावर त्याच दिवशी मासा सोडायचा नसतो. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाळूवर, पानांवर आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात, आणि ती वस्ती जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आमच्या केंद्रात पाण्यातले जिवाणू मारण्याचे काम चाले. घरच्या टाकीत जिवाणू जपण्याचे काम करावे लागले. या काळात दर दोन दिवसांनी चिमूटभर मत्स्यखाद्य टाकत राहावे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे छोटे संच मिळतात, ते घ्यावेत. माझ्या मते दिवा किंवा शोभेचे दगड यांआधी त्यावर पैसे खर्च करावेत. आमच्या संचात अमोनिया असला की पिवळे पाणी हिरवे होते. दुसऱ्या आठवड्यात ते गर्द हिरवे झाले, मग अमोनिया उतरला आणि नायट्राइट चढला, आणि ३६व्या दिवशी दोन्ही शून्यावर आले. मी वहीत रोज नोंद ठेवली होती. जुनी सवय सुटत नाही. ३८व्या दिवशी आम्ही मासा आणला.

तो नर निळसर रंगाचा, साध्या आखूड शेपटाचा निवडला. हाफमून, क्राउनटेल अशा नावांनी जे लांब, झिरमिळ्या शेपटांचे मासे विकले जातात ते दिसायला देखणे असतात, पण तो पसारा ओढताना दमतात आणि त्यांचे पंख लवकर कुजतात, असे माझे निरीक्षण आहे. पिशवी टाकीत वीस मिनिटे तरंगत ठेवली, थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घातले आणि मग पिशवीतले पाणी टाकीत न ओतता माशाला हलकेच सोडले. पहिले दोन दिवस तो दगडामागे राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो अ‍ॅनुबियसच्या रुंद पानावर, माणूस खाटेवर कलंडतो तसा, एका अंगावर टेकलेला होता. नातू घाबरून ओरडला, ‘आजी, हाही मेला!’ एवढ्यात मासा सावकाश उठला, वर आला, इवलासा घोट हवेचा घेतला, कल्ल्याच्या कडेने एक बुडबुडा सोडला आणि पुन्हा त्याच पानावर जाऊन बसला. फायटर असाच विसावतो. पृष्ठभागाजवळचे रुंद पान त्याला मिळायला हवे, आणि बरणीत ते मिळत नाही.

काही व्यवस्था थोडक्यात सांगते. फिल्टर हवेच्या पंपावर चालणारा, स्पंजचा घ्यावा; जोराचा प्रवाह या माशाला सोसत नाही. वीज गेली तरी हा मासा हवेवर श्वास घेतो, त्यामुळे दोन-चार तासांच्या भारनियमनाने घाबरण्याचे कारण नाही. टाकीला जाळी किंवा काचेचे झाकण हवेच, कारण फायटर उंच उडी मारतो. आमच्या ओळखीच्या एका घरी तो सकाळी फरशीवर वाळलेला सापडला. झाकणाखालची हवा उबदार व दमट राहणेही त्याच्या श्वसनेंद्रियासाठी आवश्यक आहे. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंशांदरम्यान असावे. मुंबई-कोकणात बहुतेक वर्षभर ते आपोआप राहते, पण आमच्या नाशिकात मार्गशीर्ष-पौषात खोलीतले पाणी १८ अंशांवर येते आणि मासा खाणेपिणे सोडून कोपऱ्यात बसतो. ५० वॅटचा, तापमान आपोआप राखणारा हीटर एवढ्या टाकीला पुरतो. दर आठवड्याला पाव भाग, म्हणजे साधारण ७ लिटर, पाणी बदलावे. नवे पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवलेले किंवा क्लोरीन काढणारे थेंब घातलेले असावे आणि हाताला टाकीच्या पाण्याइतकेच कोमट लागावे. सर्व पाणी एकदम कधीही बदलू नये. स्पंज नळाखाली धुऊ नये, काढलेल्या जुन्या पाण्यात पिळावा. नळाखाली धरला की महिनाभर जमवलेले जिवाणू मिनिटभरात जातात. आरओचे निव्वळ पाणीही वापरू नये, त्यात माशाला व वनस्पतींना लागणारे क्षार उरलेले नसतात.

एक गोष्ट मात्र फुकट मिळते आणि ती आपल्या दारात आहे. बहुतेक शाळांच्या अंगणात बदामाचे झाड असते, ज्याची मोठी पाने लाल होऊन गळतात. थायलंडमधले मत्स्यपालक हेच झाड पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत. गळून पूर्ण वाळलेले, फवारणी न झालेले एक पान धुऊन टाकीत सोडले की दोन-तीन दिवसांत पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे होते, किंचित आम्लधर्मी होते आणि माशाचा रंग खुलतो. नातवाने शाळेतून पानांचा मोठा गठ्ठा आणून वर्तमानपत्रात दाबून ठेवला आहे. पाणी ‘घाण’ दिसते म्हणून काही पाहुणे नाक मुरडतात, परंतु तो रंग घाणीचा नाही आणि या माशाच्या मूळ गावचे पाणी बऱ्याच ठिकाणी तशाच रंगाचे असते.

खाण्याच्या बाबतीत आपला हात फार सैल असतो. हा मासा मांसाहारी आहे. पाव, भात किंवा बिस्किटाचा चुरा त्याला देऊ नये. त्याचे पोट त्याच्या डोळ्याएवढे असते असे जाणकार सांगतात, तेव्हा सकाळ-संध्याकाळ दोन-तीन बारीक दाणे पुरेत आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर उत्तम. डासांच्या अळ्या त्याला अतिशय प्रिय आहेत, परंतु त्यासाठी कोणीही गच्चीवर पाण्याची भांडी उघडी ठेवू नयेत. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो तो नियम मासा पाळणाऱ्यालाही लागू आहे. हौदात सोडण्यासाठी गप्पी मासे महापालिकेकडून मिळतात. त्यांची जागा फायटरला देण्याचा प्रयोगही करू नये आणि गप्पीला फायटरच्या टाकीत टाकू नये, कारण रंगीत शेपटीचा गप्पी त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतो. फायटर एकटा राहतो. त्याला सोबत लागत नाही, हिरवाई लागते.

त्याच्या चिडण्याची मजा पाहण्याविषयी मला तीव्र हरकत घ्यायची आहे. दोन बरण्या एकमेकींना चिकटवून ठेवणे, मधला पुठ्ठा काढून मुलांना ‘बघा कसा फुलतो’ असे दाखवणे, आरसा धरणे, हे दुकानांत आणि प्रदर्शनांत सर्रास चालते. कल्ले उघडून फुललेला मासा त्या वेळी खेळत नसतो, तो आपल्या हद्दीसाठी लढायला उभा ठाकलेला असतो आणि बरणीत शत्रू दिवसभर समोरून हलत नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात ‘प्राणी’ या शब्दात मनुष्याखेरीज सर्व सजीव प्राणी येतात, म्हणजे मासाही येतो. त्याच कायद्याचे ११वे कलम, ज्या पिंजऱ्याची किंवा पात्राची लांबी, रुंदी व उंची प्राण्याला वाजवी हालचाल करता येईल इतकी नाही, त्यात त्याला कोंडणे हा गुन्हा ठरवते, आणि निव्वळ करमणुकीसाठी प्राण्यांना एकमेकांवर भडकवणे हाही. सहा-सात सेंटीमीटरच्या माशाला पेल्यात ठेवून विकणे या शब्दांत बसते की नाही, याचा विचार विक्रेत्यांनी आणि स्थानिक प्राणिक्लेश निवारण समित्यांनी करावा, अशी माझी विनंती आहे. विक्रेत्यांना मी शत्रू मानत नाही. त्यांतले अनेक जण माशांवर जीव लावणारे आहेत. दुकानात मासा पोहोचल्यापासून विकला जाईपर्यंत त्याला निदान दोन-तीन लिटरचे स्वतंत्र पात्र, मधे अपारदर्शक पट्टी आणि एखादे पान एवढे देणे, आणि ग्राहकाला मासा देण्यापूर्वी ‘टाकी तयार आहे का?’ हा एक प्रश्न विचारणे त्यांना नक्कीच जमेल.

वाढदिवस साजरे करणाऱ्या पालकांना तर मी हात जोडून सांगते की जिवंत मासा वाटू नका. ज्या घरी तो जाणार त्या घराने त्याची तयारी केलेली नसते, आणि हा मासा नीट ठेवल्यास दोन-तीन वर्षे, क्वचित त्याहून अधिक जगतो. तेवढी जबाबदारी कोणाच्या हातात परस्पर ठेवू नये. मुलांना काही द्यायचेच असेल तर काचेच्या छोट्या बरणीत अ‍ॅनुबियसची एक फांदी द्यावी. ती मुलांकडून सहसा मरत नाही.

आणि ज्यांना मासा सांभाळणे झेपत नाही त्यांनी तो गोदावरीत किंवा गावच्या तळ्यात सोडू नये, अशीही कळकळीची सूचना करते. बाहेरून आलेली जलपर्णी आपल्या नद्यांवर कशी पसरते हे आपण दर उन्हाळ्यात पाहतो, आणि चिलापीने उजनीसारख्या जलाशयांत कसे बस्तान बसवले ते तिथले मच्छीमार सांगतील. टाकीतली छाटलेली पाने व तरंगत्या वनस्पतीही गटारात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत घालाव्यात. मासा नकोसा झाला तर दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा.

आमच्या टाकीला आता वर्ष होत आले. टाकी, पंप, स्पंज, दिवा, हीटर, वनस्पती आणि तपासणी संच मिळून आम्हाला अडीच हजार रुपयांच्या आत खर्च आला. श्रावणात माशाने तरंगत्या पानांखाली लाळेच्या बुडबुड्यांचे घरटे बांधले होते, मादी नसतानाही नर ते बांधतो. नातू आता स्वतः तपासणी करून वहीत आकडे लिहितो. गेल्या महिन्यात शेजारच्या मुलीने टाकी मांडली तेव्हा आम्ही आमच्या फिल्टरमधला वर्षभर मुरलेला अर्धा स्पंज कापून, ओला असतानाच, तिच्या फिल्टरमध्ये बसवला. त्यातले जिवाणू तयारच होते, त्यामुळे तिच्या पाण्यातला अमोनिया दहा दिवसांत शून्यावर आला आणि तिचा मासा पहिल्या दिवसापासून निरोगी आहे. आमच्या पंपाला मी आता दुसराही एक स्पंज जोडून ठेवला आहे, म्हणजे यापुढे कोणी मागितला तर मुरलेला तुकडा देता येईल. अ‍ॅनुबियसलाही तीन नवे फुटवे आले आहेत.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, नाशिक